सिझेरियनची भूल आणि उतरणारा रक्तदाब : रक्ताभिसरणाचा पाठ ऑपरेशन थिएटरमध्ये



रक्ताभिसरण हा पाठ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. हृदय म्हणजे पंप. धमन्या रक्त नेतात, शिरा परत आणतात. निरोगी मोठ्या माणसाचा रक्तदाब साधारण १२०/८०. मुलं हे पाठ करतात, पेपरात लिहितात आणि पुढच्या इयत्तेत जाता जाता विसरूनही जातात. आजच्या लेखात हाच पाठ आपण अशा ठिकाणी नेणार आहोत, जिथे तो दर मिनिटाला वापरला जातो. ते ठिकाण म्हणजे सिझेरियनचं ऑपरेशन थिएटर.

हा विषय निवडण्याचं कारण सांगते. "सिझरच्या वेळी तिचा बीपी एकदम लो झाला, वाचली म्हणायची!" हे वाक्य आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. माता-पालकांच्या बैठकीत, हळदी-कुंकवाला, एसटीत. ऐकणारी एखादी बाई स्वतः सहा-सात महिन्यांची गरोदर असते. ती काही बोलत नाही, पण भीती मनात घेऊन घरी जाते. मग कुणी म्हणतं डॉक्टरचं चुकलं, कुणी म्हणतं तिच्या अंगात रक्तच नव्हतं, कुणी म्हणतं कंबरेत सुई घ्यायलाच नको होती.

खरं काय आहे? कंबरेत दिलेल्या भुलीनंतर रक्तदाब उतरणं ही बहुतेक वेळा अपेक्षित गोष्ट असते. ती का होते, हे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या माहितीवरूनच समजतं. ती टाळण्याची आणि आवरण्याची ठरलेली पद्धत आहे. आणि त्या पद्धतीत आईचंसुद्धा एक काम आहे, जे तिला आधी कुणी सांगत नाही. ते कोणतं, हे आपण टप्प्याटप्प्याने पाहूया.

(हा लेख समजून घेण्यासाठी आहे. उपचार कोणता करायचा, हे तिथले डॉक्टर आणि भूलतज्ज्ञच ठरवतात.)

१) आधी भूल समजून घेऊ

सिझेरियनसाठी आजकाल बहुतेक वेळा पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. आईला बसवून किंवा कुशीवर वळवून कंबरेच्या मणक्यांमधल्या फटीतून एक अतिशय बारीक सुई आत घालतात. मेरुरज्जूभोवती जो पाण्यासारखा द्रव असतो, त्यात साधारण २ मिलिलिटर औषध सोडतात. हे औषध बहुधा ब्युपिव्हाकेन असतं. मोठ्या माणसाचा मेरुरज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास देतात. म्हणजे "सुई मज्जारज्जूत घुसली तर?" ही भीती ज्यांना वाटते त्यांना हे सांगता येईल, की जागाच त्या हिशोबाने निवडलेली असते.

औषध दिल्यावर पाच-दहा मिनिटांत छातीपासून खाली बधीरपणा येतो. पाय जड होतात. आई जागी असते, बोलू शकते, बाळाचं पहिलं रडणं ऐकू शकते.

ही पद्धत नवी नाही. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या शल्यचिकित्सकाने १८९८ साली शस्त्रक्रियेसाठी ती पहिल्यांदा वापरली. त्या वेळी औषध होतं कोकेन. दोनच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे ऑस्कर क्राइस यांनी बाळंतपणात तिचा उपयोग केला. औषधं आणि सुया बदलल्या, पण मूळ कल्पना सव्वाशे वर्षं तीच आहे. आणि रक्तदाब उतरण्याची अडचणही तेवढीच जुनी आहे.

२) सुईनंतर रक्तदाब का उतरतो?

इथे आपला पाठ कामाला येतो. तीन गोष्टी एकाच वेळी घडतात.

पहिली गोष्ट : नळ्या सैल पडतात.
बागेला पाणी घालायचा पाइप डोळ्यांपुढे आणा. टोक अंगठ्याने दाबलं, की पाइप आतून ताठ होतो आणि पाणी जोरात लांब जातं. अंगठा काढला की जोर गेला. पाणी तेच, मोटर तीच. आपल्या बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. चेतातंतू त्या स्नायूंना सतत संदेश देत असतात, "थोडं आवळून राहा." हा आवळ आहे म्हणून रक्तदाब टिकतो. हे काम आपल्याला न कळत चालतं. स्वायत्त चेतासंस्था ती हीच.

भुलीचं औषध वेदनेचे तंतू बंद करतं, पण ते निवडून निवडून बंद करत नाही. त्याच भागातून जाणारे हे आवळ ठेवणारे तंतूही बंद पडतात. खरं तर ते बारीक असल्यामुळे लवकर बंद पडतात. धमन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो.

दुसरी गोष्ट : रक्त खालीच साठून राहतं.
विहिरीत पाण्याचा झराच कमी झाला तर मोटर कितीही चांगली असली तरी काय उपसणार? हृदयाचंही तसंच आहे. त्याच्याकडे जेवढं रक्त परत येतं, तेवढंच ते पुढे ढकलू शकतं. भुलीमुळे पायांतल्या आणि पोटातल्या शिराही सैल होतात. त्यात रक्त साठतं आणि हृदयाकडे परत येणारा प्रवाह कमी होतो.

तिसरी गोष्ट : पोटाचं ओझं.
ही गरोदर बाईच्या बाबतीतलीच खास बाब आहे. खालच्या अंगातलं रक्त हृदयाकडे आणणारी महाशिर पाठीच्या कण्याच्या उजव्या बाजूने वर जाते. नऊ महिन्यांचं गर्भाशय बाळ, गर्भजल आणि वार मिळून चांगलंच जड झालेलं असतं. आई उताणी झोपली की हे सगळं वजन त्या महाशिरेवर पडतं. पाइपवर पाय दिल्यासारखंच. भूल न देताही काही गरोदर बायकांना उताणं झोपल्यावर घाबरल्यासारखं होतं, घाम येतो, कसंतरी होतं, ते यामुळेच. "शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोप" असं डॉक्टर आणि आशाताई सांगतात, त्यामागे हे शास्त्र आहे. भूल नसताना शरीर धमन्या आवळून कसंबसं सांभाळून घेतं. भुलीनंतर ते सांभाळणंच बंद पडलेलं असतं.

या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे, आधीपासून काही उपाय केले नाहीत, तर निम्म्याहून अधिक बायकांचा रक्तदाब या भुलीनंतर उतरतो. म्हणजे हा कुणाच्या अशक्तपणाचा किंवा नशिबाचा प्रश्न नाही. धडधाकट बाईच्या बाबतीतही हे होतं.

३) मग त्यात काळजीचं काय?

अपेक्षित आहे म्हणजे दुर्लक्ष करायचं असं नाही. मेंदूला रक्त कमी पोचलं की आईला मळमळतं, उलटी होते, चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाब फारच उतरला आणि तसाच राहिला तर शुद्ध हरपू शकते.

बाळाचं काय? बाळाला ऑक्सिजन मिळतो तो वारेतून, आणि वारेला रक्त मिळतं गर्भाशयाच्या धमन्यांतून. एरवी गर्भाशयाला मिनिटाला १०० मिलिलिटरच्या आतच रक्त लागतं. दिवस भरत येतात तेव्हा हाच आकडा मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटरपर्यंत जातो. आता एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्या. आईचा रक्तदाब थोडा उतरला तर तिचा मेंदू आपल्या नळ्या रुंद करून स्वतःपुरता प्रवाह राखून ठेवतो. गर्भाशयाला हे फारसं जमत नाही. त्याच्या धमन्या आधीच पूर्ण उघडलेल्या असतात. आईचा दाब उतरला, की तिकडचा प्रवाहही त्याच हिशोबाने उतरतो. म्हणून बाळ बाहेर येईपर्यंतची मिनिटं फार मोलाची.

एक-दोन मिनिटं दाब उतरला आणि लगेच सावरला तर निरोगी बाळ ते सहन करतं. दाब बराच वेळ खाली राहिला तर बाळाच्या रक्तात आम्लता वाढू लागते. सगळी धडपड असते ती ही वेळ येऊ न देण्यासाठी.

४) भूलतज्ज्ञ नेमकं काय करतात?

ऑपरेशन करणारे डॉक्टर सगळ्यांच्या लक्षात राहतात. आईच्या डोक्यापाशी उभी असणारी व्यक्ती कुणाच्या लक्षात राहत नाही. ती व्यक्ती म्हणजे भूलतज्ज्ञ. "सुई दिली की त्यांचं काम संपलं" असं पुष्कळांना वाटतं. खरं तर तिथून त्यांचं काम सुरू होतं.

अ) डाव्या बाजूला कलवणं. भुलीनंतर आईला अगदी सपाट उताणं ठेवत नाहीत. उजव्या कुल्ल्याखाली उशीसारखी पाचर ठेवतात किंवा टेबलच डावीकडे थोडं तिरपं करतात. कधी हातानेच गर्भाशय डावीकडे सरकवून धरतात. महाशिरेवरचं ओझं हलकं करणं एवढाच हेतू. "मला वाकडंच झोपवलं होतं" असं एखादी सांगते, त्याचं कारण हे आहे.

आ) सलाईन. सैल झालेल्या नळ्या भरायला द्रव लागतो. पूर्वी भुलीच्या आधीच एक बाटली चढवून घ्यायची पद्धत होती. पण साधं सलाईन नळ्यांमध्ये फार वेळ टिकत नाही, आजूबाजूच्या भागात झिरपतं. म्हणून आता भूल देता देताच ते वेगाने सोडण्यावर भर असतो. ज्या वेळी गरज, त्याच वेळी पाणी. मात्र नुसत्या सलाईनने काम भागत नाही, हेही अभ्यासांतून दिसलेलं आहे.

इ) नळ्या आवळणारं औषध. हा मुख्य उपाय. पाइपच्या टोकावरचा अंगठा भुलीने काढून घेतला ना, तोच अंगठा औषधाने परत ठेवायचा. फिनाइलेफ्रिन हे त्यातलं आज सर्वाधिक मान्य असलेलं औषध. आपल्याकडे मेफेन्टरमिनही वर्षानुवर्षं वापरात आहे आणि अलीकडे नॉरअॅड्रेनलिनचाही वापर होऊ लागला आहे. दाब कोसळण्याची वाट न बघता भुलीबरोबरच हे औषध थोडं थोडं सुरू करणं, ही आजची शिफारस आहे. नाडी फारच मंदावली तर ती वाढवणारं ॲट्रोपिनसारखं औषध जवळ तयार असतं.

ई) मोजणं आणि परत मोजणं. भूल दिल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत साधारण दर मिनिटाला रक्तदाब घेतात. दंडावरचा पट्टा सारखा फुगत राहतो. बायका घाबरतात, "सारखं सारखं का घेतायत? काही बिघडलंय का?" बिघडलेलं काही नसतं. हीच योग्य पद्धत आहे.

किती खाली म्हणजे कमी? २०१८ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने यावर एकमताने शिफारशी केल्या. भुलीच्या आधी आईचा वरचा आकडा जितका होता, त्याच्या ९० टक्क्यांच्या वर तो ठेवायचा प्रयत्न करावा आणि ८० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. बघा, इथे शेकडेवारी आली! एकच ठरावीक आकडा सगळ्यांना लावलेला नाही. जिचा मूळचाच १००, तिची मर्यादा वेगळी. जिचा १३०, तिची वेगळी. वर्गातल्या प्रत्येक मुलाची प्रगती त्याच्या स्वतःच्या सुरुवातीपासून मोजावी असं आपण म्हणतो, तसंच आहे हे.

५) पुस्तकातलं उत्तर कसं बदललं?

आपण शिक्षक आहोत, म्हणून हा भाग मुद्दाम घेतला आहे.

अनेक वर्षं या प्रश्नाचं पाठ्यपुस्तकातलं उत्तर होतं एफेड्रिन. १९७० च्या दशकात गाभण मेंढ्यांवर प्रयोग झाले होते. वेगवेगळी औषधं देऊन गर्भाशयाकडे जाणारं रक्त मोजलं गेलं. एफेड्रिनने ते चांगलं टिकलं. नळ्या आवळणारी इतर औषधं गर्भाशयाच्याही नळ्या आवळतील, अशी भीती होती. तर्क बरोबर वाटत होता. म्हणून बाळंतपणात एफेड्रिनच द्यायचं, असा नियम पडला.

पुढे प्रत्यक्ष आयांमध्ये तुलना झाली. हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठात वॉरिक न्गन की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर बरंच काम केलं. जन्मल्याबरोबर बाळाच्या नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा चित्र उलटं दिसलं. फिनाइलेफ्रिन दिलेल्या आयांच्या बाळांच्या रक्तात आम्लता कमी होती. एफेड्रिन वार ओलांडून बाळापर्यंत जास्त पोचतं आणि बाळाच्या शरीराचं काम वाढवतं, असं लक्षात आलं. याच गटाने २००५ साली दाखवलं, की फिनाइलेफ्रिन सुरुवातीपासून थेंबाथेंबाने आणि सोबत वेगाने सलाईन दिलं, तर रक्तदाब उतरणं जवळजवळ थांबवता येतं.

मेंढीवरचा प्रयोग खोटा नव्हता. पण मेंढी म्हणजे बाई नव्हे, आणि गर्भाशयाचा प्रवाह मोजणं म्हणजे बाळाची तब्येत मोजणं नव्हे. विज्ञान म्हणजे न बदलणारी उत्तरं, असं मुलांना वाटू लागलं तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. चांगल्या प्रश्नामुळे पक्कं वाटणारं उत्तरही बदलतं, आणि त्याचा फायदा खऱ्याखुऱ्या बाळांना होतो.

६) यंत्राच्या आधी कळतं ते आईला

आता लेखाच्या सुरुवातीला म्हटलं होतं त्या कामाकडे येऊया.

रक्तदाबाचं यंत्र मिनिटातून एकदा आकडा देतं. दोन आकड्यांच्या मधल्या वेळात काय चाललंय, ते यंत्राला माहीत नसतं. आईला माहीत असतं. दाब उतरू लागला की पुष्कळदा सगळ्यात आधी मळमळ जाणवते, किंवा अचानक "कसंतरीच होतंय" असं वाटतं. अनुभवी भूलतज्ज्ञ आईशी सतत बोलत राहतात ते गप्पा मारायला नाही. तिचा आवाज, तिचं उत्तर देणं हेही त्यांचं मोजमापच असतं. तिने "मळमळतंय" म्हटलं, की पट्टा फुगायची वाट न बघता त्यांचा हात औषधाकडे जातो.

पण आपल्याकडे काय होतं? मुलीला लहानपणापासून शिकवलेलं असतं, "जरा सहन करावं." बाळंतपण म्हणजे तर सहन करण्याची परीक्षाच मानली जाते. थिएटरमध्ये सगळे हिरव्या कपड्यांतले अनोळखी लोक, पुष्कळदा पुरुष. "डॉक्टरांना कशाला मध्येच त्रास द्यायचा", "ते रागावतील", "एवढ्याशाने काय होतंय" असं म्हणून ती ओठ घट्ट मिटून घेते. मग तिची मळमळ कळते ती उलटी झाल्यावर, आणि चक्कर कळते ती आकडा खाली आल्यावर. मधलं एक मिनिट फुकट जातं.

म्हणून गरोदर बाईला आधीच सांगून ठेवायला हवं :

• मळमळलं, उलटीची भावना झाली
• चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, कानांत गुणगुण वाटलं
• छातीत धडधडलं, घाम फुटला, खूप घाबरल्यासारखं झालं
• श्वास घ्यायला जड वाटलं किंवा हाताची बोटंही बधीर वाटू लागली

यातलं काहीही झालं तर लगेच, मोठ्याने, आहे त्या शब्दांत सांगायचं. "कसंतरी होतंय" एवढंसुद्धा पुरे. शुद्ध मराठी नको, वैद्यकीय शब्द नकोत. तिच्या बोलीत बोलली तरी चालेल. हे बोलणं म्हणजे तक्रार नव्हे, ती उपचाराला केलेली मदत आहे.

छाती बधीर झाल्यामुळे आपला श्वास नीट चालू नाही असं पुष्कळींना वाटतं. बऱ्याचदा श्वास व्यवस्थित चालू असतो, फक्त तो जाणवत नाही. पण हे ठरवायचं काम भूलतज्ज्ञांचं. आईचं काम फक्त सांगण्याचं.

७) घरच्यांनी काय करायचं?

सिझेरियन ठरलेलं असो वा ऐनवेळी करावं लागो, पुढच्या गोष्टी सासू, आई, नवरा कुणीही करू शकतं.

• खरी माहिती द्या. आधीचे आजार, हृदयाचा त्रास, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी, आधीच्या भुलीचा अनुभव, हे सगळं सांगा. या भुलीचा निर्णय त्यावर ठरतो. काही आजारांत किंवा खूप रक्तस्राव होत असेल तर डॉक्टर पूर्ण भूल निवडतात.
• शेवटचं खाणं-पिणं कधी झालं, ते लपवू नका. "उपाशी राहून अशक्त होईल" म्हणून हळूच चहा-बिस्किट दिलं जातं आणि विचारल्यावर नाही म्हटलं जातं. पोट भरलेलं असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.
• भूलतज्ज्ञांना भेटता आलं तर विचारा : "कोणती भूल देणार? बीपी उतरला तर काय करणार? तिने काय झालं की तुम्हाला सांगायचं?" हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.
• वॉर्डात आणल्यावर पायात ताकद येईपर्यंत तिला एकटीला उठू देऊ नका. पहिल्यांदा उठताना सिस्टरला बोलवा. आधी बसवा, थोडं थांबा, मग उभं करा.
• वॉर्डात चक्कर आली तर "भुलीचंच असेल" म्हणून गप्प बसू नका. प्रसूतीनंतर रक्तदाब उतरण्याचं दुसरं आणि गंभीर कारण म्हणजे रक्तस्राव. पॅड भराभर भिजत असेल, चेहरा पांढरा पडला असेल, नाडी जोरात चालत असेल, तर एक क्षणही न थांबता सिस्टरला हाक मारा.

८) नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

"लो बीपी झाला म्हणजे तिला आता कायमचा लो बीपी लागला का?"
नाही. हा परिणाम भुलीपुरता असतो. औषधाचा अंमल उतरला की धमन्यांचा आवळ परत येतो.

"आधीच बीपी वाढलेलं असेल तर मग तिचा तर धाडकन उतरेल?"
गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजारात या भुलीनंतरचा उतार उलट कमी असतो, असं दिसून आलं आहे. तरी अशा आईवर जास्त बारीक लक्ष ठेवावं लागतं.

"सुईमुळे जन्मभर कंबर दुखते म्हणतात."
सुई टोचलेली जागा काही दिवस दुखू शकते. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा या सुईशी संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. गरोदरपणात बदललेली शरीराची ठेवण, बाळाला उचलणं, वाकून करायची कामं ही कारणं आधी पाहावीत.

९) वर्गात कसं घ्याल?

भुलीचा आणि प्रसूतीचा भाग लहान मुलांपुढे घेण्याची गरज नाही. पण रक्तदाबाचा पाठ असा जिवंत करता येईल :

कृती १ : एक हात मिनिटभर खाली लोंबकळत सोडा. हाताच्या मागच्या बाजूच्या शिरा फुगलेल्या दिसतील. आता हात डोक्याच्या वर धरा. शिरा सपाट होतात. शिरांमध्ये रक्त साठतं आणि परत जातं, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

कृती २ : बागेचा पाइप आणि अंगठा. पाण्याचा जोर कधी वाढतो, कधी कमी होतो, ते मुलांना स्वतः करून बघू द्या.

कृती ३ (वरच्या वर्गांसाठी, गणिताशी जोड) : एका व्यक्तीचा वरचा रक्तदाब दर मिनिटाला असा मिळाला असं समजा. सुरुवातीला १२०, मग अनुक्रमे ११६, १०४, ९४, ११०, ११८. आता मुलांना विचारा :

• १२० चे ९० टक्के किती? ८० टक्के किती? (१०८ आणि ९६)
• कितव्या मिनिटाला दाब ९० टक्क्यांच्या खाली गेला? कितव्या मिनिटाला ८० टक्क्यांच्याही खाली? (दुसऱ्या आणि तिसऱ्या)
• आलेख काढा.
• समजा, आपण फक्त सुरुवातीला आणि पाचव्या मिनिटाला मोजलं असतं तर? आकडे मिळाले असते १२० आणि ११८. मधली घसरण दिसली असती का?

हा शेवटचा प्रश्न फार बोलका आहे. त्यावर मुलांना भरपूर बोलू द्या.

आणि एक सवय वर्गातच लावता येईल. "बाई, पोटात दुखतंय", "सर, चक्कर आल्यासारखं होतंय" असं मूल म्हणालं की "नाटक करू नको" हे उत्तर आपल्या तोंडून निघू नये. कुठे होतंय, कधीपासून, कसं वाटतंय, एवढं विचारलं तरी मूल आपल्या शरीराबद्दल नीट सांगायला शिकतं. आज वर्गात "बाई, मला कसंतरी होतंय" म्हणणारी मुलगी उद्या गरज पडेल तिथेही तेवढ्याच मोकळेपणाने बोलेल.

तुमच्या घरात, शेजारी किंवा पालकांमध्ये कुणी गरोदर असेल, तर सहाव्या मुद्द्यातली यादी तिला नक्की वाचून दाखवा. पाच मिनिटंही लागणार नाहीत.